डिजिटलवरचा ‘आपण’ : उजव्या पॉप्युलिस्ट पक्षांची पोस्टरं वाचायची रीत

निवडणुकीचा फलक बघून ‘भारी केलंय’ किंवा ‘काय हा थिल्लरपणा’ म्हणायला दोन सेकंद पुरतात. तोच फलक विरोधी पक्षाच्या माणसानं वाचला तरी नोंद तीच यावी, असा वाचायचा तर वीस मिनिटं, एक तक्ता आणि दुसरा एक माणूस लागतो. ही रीत सातारा-सांगलीतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि तालुक्याच्या बातमीदारांसाठी आहे. नमुने मुद्दाम युरोपातले घेतलेत. उजव्या पॉप्युलिस्ट पक्षांच्या पोस्टरांवर तिथं भरपूर काम झालंय. शिवाय ते भांडण आपलं नसल्यामुळं डोकं थंड राहतं. हात तिथं बसवायचा आणि मग आपल्या चौकात यायचं.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. पॉप्युलिझमला मराठीत ‘लोकानुनय’ म्हणतात, पण आपल्या वर्तमानपत्रात ‘लोकानुनय’ म्हटलं की वीजबिलमाफी आणि फुकट धान्य आठवतं. इथं तो अर्थ नाही. डच अभ्यासक कास मुडे यांनी २००४ मध्ये मांडलेली व्याख्या कामाला सोपी आहे. समाजाचे दोनच तुकडे मानायचे, एकीकडं निर्मळ जनता आणि दुसरीकडं भ्रष्ट वरचे लोक. राजकारण म्हणजे या जनतेची इच्छा, बास. ही विचारसरणी पातळ असते, एकटी उभी राहत नाही, दुसऱ्या कुठल्या तरी विचाराच्या खांद्यावर बसते. पश्चिम महाराष्ट्राला हे नवं नाही. ‘प्रस्थापित विरुद्ध विस्थापित’ ही जोडी इथल्या प्रत्येक निवडणुकीत फिरते. साखर कारखाना, बँक, शिक्षणसंस्था ज्याच्या हातात तो प्रस्थापित. १९४२ च्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर गेले ते कम्युनिस्ट म्हणून. म्हणजे ‘जनता खाली, मालक वर’ ही मांडणी उजव्यांचीच असते असं नाही. उजवा पॉप्युलिझम तिला आडवी रेघ मारतो आणि तिसरं पात्र आणतो, ते म्हणजे बाहेरचा. त्यामुळं उजव्या पॉप्युलिस्ट पोस्टरात तीन भूमिका शोधायच्या : आपण, वरचे, बाहेरचे. तिन्ही एकत्र क्वचितच रंगवलेल्या असतात. एखादी नुसतीच सुचवलेली असते, ती बघणारा मनातल्या मनात भरतो.

इथं मराठी माणसाच्या हातात एक हत्यार आहे, ते जर्मन किंवा इंग्रज अभ्यासकाकडं नाही. आपल्याकडं ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत. ‘आपण’मध्ये ऐकणारा आत असतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर. जर्मन ‘वीअर’, इंग्रजी ‘वी’, एवढंच काय हिंदी ‘हम’, यांत हा भेद दिसत नाही. म्हणून परक्या भाषेतलं कुठलंही घोषवाक्य हाती आलं की ते दोनदा लिहायचं, एकदा ‘आपण’ घालून, एकदा ‘आम्ही’ घालून. मग विचारायचं, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाकुणाला पहिलं वाक्य लागू पडेल आणि कुणाला दुसरं? २०१० च्या व्हिएन्ना निवडणुकीत ऑस्ट्रियाच्या फ्रीडम पार्टीनं ‘उन्झर व्हीनर ब्लूट’साठी, म्हणजे आपल्या किंवा आमच्या व्हिएन्नी रक्तासाठी, जास्त हिंमत मागितली. ‘आपलं व्हिएन्नी रक्त’ लिहा, मग ‘आमचं व्हिएन्नी रक्त’ लिहा. तिथं तीस वर्षं दुकान चालवणारा तुर्की माणूस पहिल्या वाक्यात बसतो का, हे जर्मन वाक्य सांगत नाही. न सांगण्यातच त्याची ताकद आहे.

गोळा करणं : आचारसंहितेच्या आधी सुरुवात

सर्वांत जास्त अभ्यास इथं फसतात. निवडणूक जाहीर झाल्यावर कॅमेरा घेऊन बाहेर पडलात तर अर्धा माल गेलेला असतो. आचारसंहिता लागली की सरकारी आवारातले फलक २४ तासांत, बसस्थानक, पूल, विजेचे खांब अशा सार्वजनिक जागांवरचे ४८ तासांत आणि खासगी जागेवरचे विनापरवाना फलक ७२ तासांत काढायचे असतात. वाढदिवस, जयंती, यात्रा, गणेशोत्सव यांच्या निमित्तानं लागलेली ‘भावी आमदार’ छापाची सगळी डिजिटल, म्हणजे फ्लेक्सवर छापलेले फलक, त्यात जातात, आणि खरं बोलणं बऱ्याचदा त्यांच्यावरच असतं. उमेदवारी मिळाल्यावरचं पोस्टर वकिलाच्या नजरेखालून गेलेलं असतं. वाढदिवसाचं डिजिटल मंडळातल्या चार पोरांनी रात्री दुकानात बसून केलेलं असतं.

वाट ठरवून घ्या आणि ती बदलू नका. सांगलीत स्टेशन चौक, राजवाडा चौक, विश्रामबाग आणि तिथून मिरज. साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजपथानं राजवाड्यापर्यंत. शिवाय एक गावाकडची वाट हवीच, दहिवडी किंवा जत, कारण शहरातलं आणि तिथलं डिजिटल सारखं नसतं. वाटेवरचा प्रत्येक फलक घ्यायचा. आवडलेले, भडक, वादग्रस्त तेवढेच टिपले तर शेवटी निष्कर्ष निघतो की सगळेच फलक भडक असतात. फेऱ्या चार पुरतात : घोषणेआधी, आचारसंहिता लागल्यावर, चिन्हवाटपानंतर, आणि जाहीर प्रचार संपायच्या दिवशी. पाचवी मतमोजणीनंतर, तिच्याबद्दल शेवटी.

फोटो प्रत्येक फलकाचे तीन. पहिला लांबून, म्हणजे शेजारी शाळा आहे, मशीद आहे, देऊळ आहे की दारूचं दुकान, ते दिसेल असा. दुसरा समोरून सरळ, चारही कडा चौकटीत आणि समांतर. यासाठी मागं सरकून दुप्पट झूम वापरा. जवळ जाऊन वाइडनं काढलं तर कोपऱ्यातली तोंडं ताणली जातात आणि पुढचं सगळं मोजमाप बिघडतं. तिसरा खालच्या पट्टीचा, मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीसाठी. वेळ सकाळी सात ते नऊ, ऊन पाठीशी. दुपारी फ्लेक्स चकाकतो आणि मधोमध पांढरा डाग येतो, तो नेमका नेत्याच्या कपाळावर. फाइलचं नाव ठिकाण, तारीख, क्रमांक या क्रमानं, जसं सांगली-विश्रामबाग-२०२४११०५-०३. व्हॉट्सॲपवरून फोटो मागवू नका. तिथून आला की लहान होतो, खालची बारीक ओळ वाचता येत नाही आणि जागेची नोंदही निघून जाते.

रंगाचा एक धोका लक्षात ठेवा. उन्हात फ्लेक्सची किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते, निळी टिकते. दोन महिन्यांचं भगवं डिजिटल फिकट होतं, चेहरे निळसर पडतात. त्यामुळं ‘पक्षानं भगवा सौम्य केला’ असं लिहिण्याआधी फलक कधी लागला ते बघा. रंगाची नोंद छटेत करू नका, ‘भगवा, निळा, हिरवा, लाल’ एवढ्याच जाडीत करा.

तक्ता भरणं

फोटो समोर ठेवून पहिली पाच वाक्यं फक्त वर्णनाची लिहा. विशेषण चालणार नाही. ‘आक्रमक नेता’ नाही, ‘उजवी मूठ खांद्याच्या वर, तोंड उघडं’. हे जमायला दहा-बारा फलक जातात. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि हेच टाळलं की पुढचं सगळं मतप्रदर्शन होतं.

मग मोजणी. फोटोवर दहा बाय दहाची जाळी टाका, म्हणजे शंभर चौकोन. एखादा चेहरा ज्या चौकोनांचा निम्म्याहून जास्त भाग व्यापतो ते मोजा. आपल्या डिजिटलवर हे फार बोलकं असतं. वरच्या रांगेत गोलातली दिल्ली-मुंबईची डोकी, उजवीकडं आठ-दहा चौकोनांचा एक कटआउट, खाली शुभेच्छुकांची पंधरा-वीस तोंडं. त्यातलं प्रत्येक तोंड एका चौकोनातही भरत नाही. ही उतरंड युरोपी पोस्टरात मिळणार नाही. तिथं एक चेहरा असतो किंवा चेहराच नसतो. म्हणून ‘नेताकेंद्री’ हा शिक्का तिकडच्या मापानं इकडं मारला तर सातारा जिल्ह्यातला झाडून सगळा वाढदिवस पॉप्युलिस्ट ठरेल.

नंतर नजर, कोन आणि अंतर. चेहरा सरळ आपल्याकडं बघत असेल तर तो काही मागतोय : मत, साथ, लाज. दुसरीकडं बघत असेल तर तो बघण्यासाठी ठेवलाय. कॅमेरा खालून असेल तर माणूस मोठा वाटतो, डोळ्यांच्या पातळीवर असेल तर बरोबरीचा. अंतर म्हणजे खांद्यापर्यंत दिसतो, कमरेपर्यंत दिसतो की घोळक्यातला एक ठिपका आहे. उजव्या पॉप्युलिस्ट पोस्टरात एक नमुना वारंवार सापडतो : आपली माणसं जवळची, थोडी, चेहऱ्याची, बाहेरची माणसं लांबची, पुष्कळ, बिनचेहऱ्याची.

शेवटचे तीन रकाने तीन भूमिकांचे. प्रत्येकासमोर चारपैकी एक खूण : चित्रात आहे, शब्दात आहे, सुचवलंय, नाही. ‘सुचवलंय’ लिहिलंत तर कशावरून ते त्याच ओळीत लिहा. पुरावा देता आला नाही तर ‘नाही’. हा नियम न पाळणारा माणूस प्रत्येक पोस्टरात आपल्याला हवं ते शोधून काढतो. आणखी एक रकाना विसरू नका : फलक पक्षाचा की सरकारी जाहिरातीचा. दोन्ही एकाच खांबावर असले तरी पैसा वेगळ्या खिशातला असतो.

घोषवाक्य पोचतं का, हे बघायला तीन सेकंदांची चाचणी करा. ताशी ४० किलोमीटरनं जाणारा दुचाकीस्वार सेकंदाला ११ मीटर पुढं जातो. कोपऱ्यावरचा फलक त्याला चार-पाच सेकंदच मिळतो, त्यातले दोन खड्ड्यांकडं जातात. ज्यानं फलक पाहिला नाही त्याला फोटो तीन सेकंद दाखवा, झाका आणि ‘काय दिसलं?’ एवढंच विचारा. ‘कोण वाईट आहे असं वाटलं?’ असं विचारलंत की चाचणी वाया गेली.

तिकडच्या युक्त्या, एकेक उलगडून

मेंढरापासून सुरुवात करू. २००७ च्या निवडणुकीत स्वित्झर्लंडच्या एसव्हीपी (स्विस पीपल्स पार्टी) या उजव्या पक्षानं लावलेलं पोस्टर : तीन पांढरी मेंढरं स्विस झेंड्याच्या लाल जमिनीवर उभी, त्यातलं एक काळ्या मेंढराला लाथ मारून झेंड्याबाहेर घालवतंय. खाली ‘सुरक्षा निर्माण करा’. चित्र लहान मुलांच्या पुस्तकातलं वाटावं असं गोंडस. कुणी वंशद्वेषाचा आरोप केला की उत्तर तयार : काळं मेंढरू हा वाक्प्रचार आहे, आम्ही गुन्हेगारांबद्दल बोलतोय. म्हणजे चित्र एकच, वाचनं दोन, आणि पक्ष सोयीनं कुठल्याही वाचनामागं उभा राहतो. भाषाशास्त्रज्ञ रूथ वोडाक यांनी अशा खेळीला हिशेबी संदिग्धता म्हटलंय. तक्त्यात अशा पोस्टराची दोन्ही वाचनं लिहायची, एक निवडायचं नाही. नंतर जर्मनी-इटलीतल्या टोकाच्या उजव्यांनीही हेच मेंढरू उचललं, कारण ‘काळं मेंढरू’ त्यांच्याही भाषेत आहे.

आता हेच पोस्टर माण-खटावच्या किंवा जतच्या धनगरवाड्यावर नेऊन दाखवा. दख्खनी मेंढरांच्या कळपात काळं हेच नेहमीचं, काळ्या लोकरीचं घोंगडं तर मानाचं. माडग्याळची मेंढी असली तर पांढऱ्यावर तपकिरी ठिपके. तिथं ‘काळं म्हणजे घालवून देण्याजोगं’ हा अर्थ लागणारच नाही. लाथ मात्र कळेल. चिन्हाचा अर्थ चिन्हात नसतो, बघणाऱ्याच्या गावात असतो. म्हणून तक्त्यात ‘हे चित्र कुणाला समजावून सांगावं लागेल?’ असा एक रकाना ठेवा.

दुसरी युक्ती मोजमाप बिघडवण्याची. २९ नोव्हेंबर २००९ च्या स्विस सार्वमतात मशिदींचे मिनार बांधण्यावर बंदी मागितली होती. पोस्टरवर स्विस झेंड्यातून काळे मिनार क्षेपणास्त्रांसारखे वर आलेले आणि पुढं काळ्या बुरख्यातली, फक्त डोळे दिसणारी बाई. त्या वेळी देशभरात मिनार होते चार. पोस्टरवर त्याहून जास्त. बासल आणि लोझानमध्ये पोस्टरवर बंदी आली, झ्युरिकमध्ये ते लागलं, आणि बंदीची बातमी होऊन ते घराघरांत पोचलं. बंदीला मतं पडली ५७.५ टक्के. ती पोस्टरमुळं पडली असं म्हणता येणार नाही. एवढंच नोंदवायचं, की या पक्षांचं पोस्टर बहुतेक वेळा भिंतीपेक्षा बातमीसाठी केलेलं असतं. म्हणून फलकाबरोबर त्याच्या बातम्यांची कात्रणंही त्याच क्रमांकाखाली ठेवा.

तिसरी, फोटो खरा पण जागा खोटी. १६ जून २०१६, ब्रेक्झिटच्या मतदानाला आठवडा राहिलेला. ब्रिटननं युरोपीय संघ सोडावा म्हणणाऱ्या युकिप पक्षाचे नायजेल फराज एका फिरत्या फलकासमोर उभे राहिले. फलकावर माणसांची न संपणारी रांग, वर लाल अक्षरांत ‘ब्रेकिंग पॉइंट’, म्हणजे आता कडेलोट, आणि खाली ‘युरोपीय संघानं आपणा सर्वांना दगा दिला’ अशा अर्थाची ओळ. फोटो २०१५ चा, क्रोएशिया-स्लोव्हेनियाच्या सीमेवरच्या निर्वासितांचा. ब्रिटनच्या सीमेशी त्या रांगेचा संबंध नव्हता. रांगेतला एक ठळक गोरा माणूस मजकुराच्या चौकोनाखाली झाकला गेला होता. इथं तिन्ही भूमिका एकत्र आल्यात : ‘आपण सर्व’ शब्दात, वरचे म्हणजे युरोपीय संघ तोही शब्दात, आणि बाहेरचे पूर्ण चित्रभर. करायचं काय? प्रत्येक छायाचित्र उलट शोधा, गूगल लेन्सवर टाकून मूळ फोटो, छायाचित्रकार आणि तारीख मिळवा. मग मूळ फोटो आणि पोस्टर शेजारी ठेवून काय कापलं, काय झाकलं ते बघा.

चौथी युक्ती बाईच्या देहाची. २०१७ मध्ये जर्मनीच्या एएफडी या उजव्या पक्षानं हिरवळीवरच्या गरोदर गोऱ्या बाईचं हसरं चित्र लावलं : ‘नवे जर्मन? ते करू की स्वतःच’. दुसऱ्या पोस्टरात समुद्रकिनारी पाठमोऱ्या बायका : ‘बुरखा? आम्हाला बिकिनी आवडते’. पुढं २०१९ च्या युरोपीय निवडणुकीत बर्लिनमध्ये जेरोम या फ्रेंच चित्रकाराचं १८६६ चं गुलामबाजाराचं चित्र वापरलं, पगडीवाले पुरुष एका नग्न गोऱ्या बाईचे दात तपासताहेत असं. मूळ चित्र अमेरिकेतल्या क्लार्क कलासंस्थेकडं आहे. तिनं निषेध केला, पण चित्रावरचा हक्क कधीच संपलेला असल्यानं रोखता आलं नाही. तीन पोस्टरं, बाईची तीन रूपं : एक जन्म देणारी, एक दाखवायची, एक वाचवायची. बोलणारी एकही नाही. तक्त्यात बाई दिसली की क्रियापद लिहा. ती काय करते? ‘दिसते’ एवढंच उत्तर येत असेल तर तेच लिहा.

यमक आणि बोली यांना कमी लेखू नका. फ्रीडम पार्टीचं २००६ चं ‘दाहाम श्टाट इस्लाम’ म्हणजे ‘इस्लाम नको, घर हवं’. पण ‘दाहाम’ हा प्रमाण जर्मन शब्द नाही, तो घरच्या बोलीतला. मराठीत करायचं तर ‘घर’ नाही, ‘घरला’ म्हणावं लागेल, सांगलीकर ‘घरला जातो’ म्हणतो तसं. बोलीत बोलणारा आपोआप ‘आपला’ होतो, पुढं तो काय बोलतो ते मागं राहतं. यमकामुळं दोन असंबद्ध गोष्टी सख्ख्या वाटतात.

आणि गोड पोस्टरं सोडू नका. स्वीडन डेमोक्रॅट्स या पक्षानं २००६ मध्ये मशालीचं चिन्ह टाकून निळं रानफूल घेतलं. फ्रान्सच्या उजव्या नेत्या मारीन ल पेन यांच्या २०१७ च्या प्रचारात आडनाव गेलं, पक्षाचं चिन्ह गेलं, उरलं नुसतं ‘मारीन’ आणि निळा गुलाब. पक्ष काढणाऱ्या वडिलांच्या नावाचं ओझं असं उतरवलं. फ्रान्समध्ये राष्ट्रध्वजाचा भास होईल असं निळा-पांढरा-लाल मिश्रण निवडणूक पोस्टरात वापरता येत नाही, पक्षाचं बोधचिन्ह तेवढं अपवाद. त्यामुळं तिथं एकटा निळा का, हे कायदा माहीत असल्याशिवाय कळत नाही.

हंगेरीचं २०१५ चं उदाहरण वर्गात हमखास चालतं. सरकारनं फलक लावले : ‘हंगेरीत आलात तर हंगेरियन लोकांच्या नोकऱ्या घ्यायच्या नाहीत’. मजकूर येणाऱ्यांना उद्देशून, भाषा मात्र हंगेरियन. सीरियातून चालत आलेल्या माणसाला ती कुठून वाचता येणार! फलक कुणाशी बोलतोय आणि कुणाला ऐकवतोय हे दोन वेगळे रकाने हवेत, ते यासाठी. तिथल्या ‘दोन शेपटांचा कुत्रा’ नावाच्या चेष्टेखोर पक्षानं लोकवर्गणी काढून उलटे फलक लावले.

आता आपल्या चौकात

तिकडचा साचा इकडं जसाच्या तसा बसवू नका. छत्रपती शिवाजी महाराजांचं चित्र हा इथं खुणेचा रकानाच होऊ शकत नाही, सगळे पक्ष वापरतात. नोंद करायची ती प्रसंगाची : सिंहासनावरचे, राज्याभिषेकाचे, जिजाऊंसोबतचे, की प्रतापगडाच्या भेटीचे. हा शेवटचा प्रसंग सातारा जिल्ह्यातलाच, इथं त्याला ओळ लिहावी लागत नाही. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून वाद पेटला, दंगल झाली आणि ती सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेली. विधानसभेचं मतदान १३ ऑक्टोबरला होतं. ती कमान पक्षाचं पोस्टर नव्हती. तरी चित्राची तारीख, जागा आणि समोर काय आहे हे का लिहायचं, ते यावरून कळतं. तेच चित्र शाळेच्या भिंतीवर वर्षानुवर्षं धूळ खात असतं.

तसंच भगव्याचं. तो वारीचा आहे, गडाचा आहे, मराठा मोर्चाचा आहे, पक्षांचाही आहे. एकट्या रंगावर खूण करू नका.

‘नेता म्हणजे आपल्यातलाच’ ही मांडणीही कुणाची मक्तेदारी नाही. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात भर पावसात शरद पवार बोलत राहिले. छत्री नाही, कपडे चिंब. तो फोटो नंतर कितीतरी ठिकाणी फलकावर चढला. पवार उजवे नाहीत. म्हणजे भिजलेला सदरा ही पॉप्युलिस्ट खूण असली तरी उजवी खूण नाही. तिसरं पात्र कुठं आहे ते बघितल्याशिवाय ‘उजवा’ हा शब्द लिहू नका.

घोषणांना ‘आपण-आम्ही’ लावून बघा. त्याच वर्षी लोकसभेला शेजारच्या कोल्हापुरात ‘आमचं ठरलंय’ गाजलं. ते ‘आपलं ठरलंय’ असतं तर मेळाव्यातला ठराव वाटला असता. ‘आमचं’मुळं ते समोरच्याला ऐकवलेलं झालं. काय ठरलंय हे न सांगता. २०२४ च्या विधानसभेला योगी आदित्यनाथांचं ‘बटेंगे तो कटेंगे’ आलं, मग नरेंद्र मोदींचं ‘एक हैं तो सेफ हैं’. दोन्हींत सर्वनाम नाही. ‘बटेंगे’ हे रूप हिंदीत ‘हम’, ‘आप’ आणि ‘वे’ तिघांनाही चालतं. मराठीत करायला घ्या, लगेच अडतं : फुटलो, फुटलात की फुटले? आणि कापणार कोण, हे दोन्हींत कुठंच नाही. ती जागा बघणारा भरतो, म्हणून तिसऱ्या भूमिकेसमोर ‘सुचवलंय’ येतं आणि पुरावा म्हणून ‘कटेंगे’ लिहायचं. अजित पवार, पंकजा मुंडे अशा महायुतीतल्याच नेत्यांनी या घोषणेपासून अंतर ठेवलं. ते कात्रणही त्याच क्रमांकाखाली. ‘सेफ’ हा शब्दही बघा, शुद्ध हिंदीचा आग्रह इथं सोडलाय, कारण सेफ गावात कळतो.

दोघांनी, वेगवेगळ्या खोल्यांत

प्रत्येक फलक दोघांनी स्वतंत्र भरायचा. शक्य तर दोघांचं मत वेगवेगळ्या पक्षांना जाणारं असावं, चहा एकत्र प्यायला हरकत नाही. नंतर जुळणी. नुसती टक्केवारी फसवते. समजा फलक ४० आणि प्रश्न ‘बाहेरचे सुचवलेत का?’. दोघंही ‘नाही’ म्हणाले ३२ वेळा, दोघंही ‘हो’ २ वेळा, आणि मतभेद ६ वेळा, त्यातला निम्मा एकीकडं, निम्मा दुसरीकडं. जुळणी ८५ टक्के, झकास वाटते. पण दोघांनीही ‘हो’ पाचच वेळा वापरलंय. इतकं ‘नाही’ असलं की नुसत्या योगायोगानंही ७८ टक्के जुळतं. योगायोग वजा करून काढलेला कोहेनचा काप्पा ०.३१ येतो. म्हणजे नेमक्या महत्त्वाच्या प्रश्नावर दोघांचं जुळलेलंच नाही. ०.७ च्या आसपास येईपर्यंत व्याख्या घासायची आणि नव्या फलकांवर पुन्हा भरायचं. जुन्याच फलकांवर पुन्हा भरलं तर एकमेकांची उत्तरं आठवतात, आकडा फुगतो.

३०-४० फलकांच्या खाली पक्षाबद्दल काही बोलू नका. एका फलकावरून फार तर त्या फलकाबद्दल बोलता येतं.

छापखान्याची ओळ आणि वादग्रस्त फलक

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार निवडणुकीच्या पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते हवेत. छापण्याआधी प्रकाशकानं स्वतःच्या सहीचं, ओळखीच्या दोघांनी साक्षांकित केलेलं निवेदन दोन प्रतींत मुद्रकाला द्यायचं असतं. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही ओळ कधी कधी अर्ध्या इंचाची असते आणि नेमकी लाकडी फ्रेमच्या घडीत जाते, म्हणून तिसरा फोटो. ओळ नसेल तर ‘निनावी’ लिहा, अंदाजानं पक्ष लिहू नका. विरोधकाला बदनाम करायला त्याच्याच रंगात फलक लावायची चाल जुनी आहे.

धर्माच्या नावानं मत मागणं त्याच कायद्याच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचरण ठरतं. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमतानं सांगितलं, की उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्मही त्यात धरायचा. तक्रार करायची असेल तर निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप आहे, पण ते फक्त निवडणूक काळात आणि फोटो जागेवरूनच काढलेला लागतो, गॅलरीतला चालत नाही. अभ्यासाचे तीन फोटो आधी घ्या, कारण तक्रारीनंतर शंभर मिनिटांत कारवाईचं उद्दिष्ट असतं आणि फलक जातो. स्वतः फाडू नका. शुभेच्छुकांच्या रांगेतल्या खासगी माणसांची तोंडं आणि मोबाईल नंबर छापण्याआधी झाका.

वर्गात किंवा बातमीत द्वेषाचं पोस्टर दाखवायचं असेल तर पूर्ण पानभर दाखवू नका. छोटं, शेजारी तुमच्या नोंदीचे बाण, त्यावर एक तिरकी रेघ. नाहीतर पोस्टर करणाऱ्याचं काम तुम्ही फुकटात पुढं नेता.

पाचवी फेरी मतमोजणीनंतर आठवड्यानं, त्याच वाटेनं. फ्रेम त्याच, त्यांवर आता ‘मायबाप जनतेचे जाहीर आभार’. आधीचा फलक ज्यांच्याविषयी होता ते ‘बाहेरचे’ इथं कुठं गेले, त्याची नोंद करा. उतरवलेली जुनी डिजिटल ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर आणि गोठ्यांवर गेलेली सापडतील. विचारून तिथं टेप लावून घ्या, कारण खांबावर चढून मोजता येत नव्हतं ते इथं हातात येतं. नेत्याचा चेहरा खरोखर किती फूट होता आणि जाळीवर तुम्ही किती धरला होता, ते ताडून बघा. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर जाळीचे आकडे ठेवा. जास्त असेल तर दुसऱ्या फोटोच्या कडा समांतर नव्हत्या, ते फलक मोजणीतून बाद करा.